केसांना फाटे फुटणे

केसाचं टोक उभं चिरून त्याचे दोन किंवा जास्त धागे होतात त्याला केसांना फाटे फुटणे म्हणतात. पार्लरमध्ये स्प्लिट एंड्स, जाहिरातीत दुतोंडी केस, आणि डॉक्टरी भाषेत ट्रायकोप्टिलोसिस, गोष्ट एकच. ही नोंद मुख्यतः नैसर्गिक केसांबद्दल आहे, म्हणजे ज्यांना रंग, रिबॉन्डिंग, स्मूदनिंग काही केलेलं नाही असे, मग ते सरळ असोत की कुरळे. असल्या केसांना फाटे फुटतच नाहीत असं बऱ्याच जणींना वाटतं, पण फुटतात, फक्त जरा सावकाश.

केस म्हणजे केरॅटिन या प्रथिनाचा धागा. आतला भाग, कॉर्टेक्स, हा काथ्याच्या दोरीसारखा, लांबच लांब तंतू एकत्र वळलेले. त्यावर क्युटिकलचं आवरण, आणि ते समजायला कुठल्याही जुन्या गोंयकार घराचं छप्पर बघावं, कौलं जशी वरचं खालच्यावर चढवलेली असतात तशाच याच्या खपल्या मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेल्या असतात. मुळाजवळ हे थर साधारण सहा ते आठ. मग वर्षानुवर्षं विंचरणं, ऊन, वारा, साबण, उशीवरचं घासणं यात एकेक खपली निघत जाते आणि टोकाशी छप्परच उरत नाही. मग आतले तंतू उघडे पडतात आणि काथ्याची दोरी कापल्यावर टोकाला जशी उकलते तसा केस उकलतो.

टोकालाच का, तर टोक हा केसाचा सगळ्यात म्हातारा भाग. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या वेणीचं शेवटचं टोक चार-पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं, त्याने तितके पावसाळे आणि तितके मे महिने काढलेत. आणि डोक्याबाहेरचा केस मेलेला असतो, त्यात रक्त नाही, पेशी जिवंत नाहीत, त्यामुळे बोट कापलं की जखम भरते तसं इथे काही भरून येत नाही. फाटलेला केस परत जोडणारं औषध नाही. सीरम, लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर), केरॅटिनवाली क्रीमं दोन धाग्यांना तात्पुरतं चिकटवून ठेवतात किंवा वरून सिलिकॉनचा गुळगुळीत थर देतात, दिसायला छान दिसतं, दोन-तीन वेळा न्हालं की परत जैसे थे. वापरू नका असं नाही, त्या थरामुळे केस एकमेकांवर कमी घासतात हा फायदा खराच आहे, पण ‘रिपेअर’ हा शब्द बाटलीवर वाचून पैसे देऊ नका.

फाटे बघायचे असतील तर एक बट धरून सैल पीळ द्यायचा आणि खिडकीजवळ उजेडात न्यायची, आखूड टोकं पिळातून बाहेर येतात. काही इंग्रजी वायसारखी दुभंगलेली, काही पिसासारखी बाजूबाजूने उसवलेली, आणि काहींवर मध्येच पांढरा बारीक ठिपका. तो ठिपका म्हणजे तिथे केस आतून मोडलाय, थोडा ताण दिला की तिथूनच तुटणार. बरेचदा लोक त्याला कोंडा किंवा लीख समजून नखाने ओढत बसतात.

गोव्यात या प्रकाराला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ. ऊन तर आहेच, अतिनील किरणांनी केसातली प्रथिनं आणि रंगद्रव्य दोन्ही झिजतात, दर्यावर रोज जाणाऱ्यांचे केस टोकाला तांबूस दिसतात ते त्यामुळे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, ते केसात सुकलं की केस राठ होतात आणि राठ केस गुंततात, गुंतलेला ओढला की मोडतो. यावर साधा उपाय म्हणजे पाण्यात शिरायच्या आधीच केस गोड्या पाण्याने भिजवून घ्यायचे, आधीच पाणी प्यालेला केस खारं पाणी कमी ओढतो, वर थोडं तेल, वेणी, आणि बाहेर आल्याबरोबर परत धुणं. स्विमिंग पूलच्या क्लोरीनलाही हेच लागू.

पण मला विचाराल तर समुद्रापेक्षा स्कूटर जास्त नुकसान करते. फोंड्याहून पणजी तीसेक किलोमीटर, हेल्मेटखालून केस मोकळे, आणि पूर्ण रस्ताभर ते वाऱ्यावर एकमेकांवर आणि जॅकेटच्या चेनवर आपटतायत. कॉलेजची दोन वर्षं मी हेच केलं, पोचल्यावर कंगवा मानेपाशीच अडायचा आणि घाईत मी तो खाली ओढायचे, मग वेणीचं टोक झाडूसारखं झालं ते शॅम्पूमुळे असं म्हणून शॅम्पू बदलत बसले. वेणी घालून ती कुर्त्याच्या आत टाकली असती तर काम झालं असतं, आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका वेणी किंवा अंबाडा आणि त्यावर आबोलीची फाती माळून फिरायच्या, केस टिकवायला म्हणून नव्हे, तीच पद्धत होती, पण टोकं आपोआप झाकलेली राहायची.

पावसाळ्याची वेगळी तऱ्हा. जुलैत हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, केस तासन्‌तास सुकत नाहीत आणि ओला केस फुगलेला, लवचिक पण कमजोर असतो, ताणला तर लांबीच्या जवळपास तीस टक्क्यांपर्यंत लांबतो, त्याहून जास्त ताणला की मग जागेवर येत नाही. म्हणून ओले केस घट्ट बांधून ऑफिसला पळणं किंवा त्यावर बारीक दाताचा कंगवा चालवणं वाईट. त्याहून वाईट म्हणजे घाई आहे म्हणून ओलसर केसांवर स्ट्रेटनर, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे तयार होतात आणि ती जागा कायमची ठिसूळ. टर्किशच्या टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपावं.

तेलाबद्दल. खोबरेल तेलातलं लॉरिक अॅसिड लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं, न्हायच्या आधी लावलं तर पाणी आत कमी जातं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली होती, त्यात खोबरेलच सरस ठरलं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतल्याच संशोधकांचा, तेव्हा भुवया उंचावायच्या तर उंचावा, पण तेल आत शिरतं हे इतरांनाही दिसलंय. तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, वाळपईकडे जानेवारीच्या पहाटे बाटली पांढरी होते, तेव्हा वाटीत ओतून गरम पाण्यावर ठेवायची. आजी म्हणायची केंसांक तेल लाय गो, आणि चोळायची मात्र सगळं टाळूवर, टोकं कोरडीच. फाट्यांसाठी तेल खालच्या अर्ध्या भागाला लागतं, तासभर आधी, थोडंच. फुटलेला फाटा तेलाने जुळत नाही, पुढचे फुटायचे कमी होतात.

न्हाताना शॅम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. अंगाचा साबण केसांना नकोच, तो अल्कधर्मी असतो, कौलं उचलली जातात. गुंता सोडवायचा तो खालून वर, आधी बोटांनी मग मोठ्या दाताच्या फणीने.

कुरळ्या केसांना जास्त जपावं लागतं, कारण टाळूचं तेल वळणावळणातून टोकापर्यंत उतरत नाही आणि प्रत्येक वळण ही कच्ची जागा. ते कोरडे विंचरूच नयेत, कंडिशनर लावलेलं असतानाच गुंता काढावा. त्यांच्यात एका केसाच्या बारीक गाठीही पडतात, सुटल्या तर ठीक, नाहीतर गाठीच्या वर कापायचं.

उपाय शेवटी कात्रीच. फाटा जिथे संपतो त्याच्या अर्धा-एक सेंटीमीटर वर कापायचं, नाहीतर चीर वर चढत राहते. ती मुळापर्यंत जाते असं म्हणतात ते खोटं, त्याआधीच केस तुटतो आणि केस वाढतायत तरी लांब का होत नाहीत असा प्रश्न पडतो. कापल्याने वाढ जोरात होते हेही खोटं, वाढ टाळूत होते, तिला टोकाला काय झालं ते कळत नाही. घरी कापायचे तर केस कापायचीच धारदार कात्री घ्या, दुधाच्या पिशव्या आणि कोळंबीच्या मिशा कापायची नको, बोथट पात्याने केस चेपून नवीन फाटे पडतात. काळजी घेत असाल तर तीन ते सहा महिन्यांनी पुरतं. पार्लरमध्ये ‘दोन बोटं’ सांगायची भानगड करू नका, म्हापशात एकीकडे मी सांगितली होती, तिने चार कापली आणि वर म्हणाली बोटं उभी की आडवी ते तुम्ही बोलला नाहीत. आता मी सेंटीमीटरमध्ये सांगते आणि आरशात बघत बसते.