तलवारीचं वजन नेमकं कुठे असतं?

2025 साली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून विकत घेतली आणि ती मुंबईत आली. बातमी आनंदाचीच होती. पण अशा प्रत्येक बातमीमागोमाग मोबाइलवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो: अमक्या वीराची तलवार चाळीस किलोची, तमक्याची साठ किलोची, आजच्या माणसाला ती जमिनीवरून हलवतासुद्धा येणार नाही. ऐतिहासिक चित्रपट या समजुतीला खतपाणी घालतात आणि व्हिडिओ गेम त्यांच्याही पुढे जातात. मला या दाव्यांचा राग येतो. वीरांचा गौरव त्यातून होत नाहीच, उलट त्यांच्यासाठी तलवार घडवणाऱ्या कारागिराची सगळी अक्कल पुसली जाते.

संग्रहालयांमधल्या लढाऊ तलवारींची वजनं मोजलेली आहेत. एका हाताने चालवायची तलवार, मग ती आपल्याकडची असो, युरोपातली असो की जपानी, साधारण 1 ते दीड किलोची भरते. सोळाव्या शतकातल्या युरोपमधली दोन हातांनी पेलायची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी तलवारसुद्धा बहुधा 2 ते साडेतीन किलोच्या दरम्यान असते. त्याहून जड तलवारी सापडतात, पण त्या मिरवणुकीतल्या किंवा देवाला वाहिलेल्या. जेजुरीला खंडोबाच्या गडावरचा खंडा सुमारे 42 किलोचा आहे. दसऱ्याला तो एका हाताने तोलून धरण्याची चुरस लागते आणि ती खरोखर बघण्यासारखी असते. ती भक्ती आहे, ताकदीची कसोटी आहे. रणांगणाशी तिचा संबंध जोडला की घोटाळा होतो.

गेममधली तलवार गणितात घालून बघू. 1997 साली आलेल्या ‘फायनल फँटसी 7’ या जपानी गेमचा नायक क्लाउड याच्या पाठीवर फळीएवढी रुंद तलवार असते. जगभरचे चाहते तिच्या प्रतिकृती बनवतात. पातं दीड मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि फक्त 1 सेंटिमीटर जाड धरलं, तरी घनफळ 4,500 घन सेंटिमीटर होतं. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम. म्हणजे नुसतं पातं 35 किलोच्या वर गेलं.

‘नायक बलवान आहे, उचलेल की’ असं चाहते म्हणतात. पण इथे ताकदीचा प्रश्नच नाही. 70 किलोच्या माणसाने 35 किलोची तलवार समोर आडवी धरली, तर तलवारीचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचं सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, त्याच्या शरीरापासून सव्वा मीटरच्या आसपास पुढे येतो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य शरीराच्या सुमारे 40 सेंटिमीटर पुढे जातो आणि माणसाचे चवडे तर जेमतेम 20 सेंटिमीटर पुढे असतात. दंड कितीही पिळदार असोत, तो तोंडावर पडणार. पडायचं नसेल तर पाय फाकवून मागे कलावं लागेल, आणि शत्रूसमोर असं उभं राहून लढता येत नाही.

आता वार करण्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. वस्तू सरळ ढकलायला किती जड, हे तिचं वस्तुमान सांगतं. फिरवायला किती जड, हे सांगणारी राशी वेगळी आहे. तिला जडत्व-आघूर्ण म्हणतात. वस्तूचा प्रत्येक कण घ्यायचा, त्याचं वस्तुमान फिरण्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. यातला ‘वर्ग’ फार महत्त्वाचा. हातापासून 90 सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम हा 9 सेंटिमीटरवरच्या एका ग्रॅमपेक्षा फिरवायला शंभरपट महाग पडतो. 1.2 किलोची, मीटरभर लांबीची एकसारखी पट्टी टोकाला धरून फिरवली तर हा आकडा 0.4 येतो. क्लाउडच्या पात्याचा 26 येतो, म्हणजे पासष्टपट. तेवढीच ऊर्जा खर्च केली, तर पात्याचा फिरण्याचा वेग आठव्या भागावर उतरतो. ज्याच्यावर वार चाललाय तो तोवर बाजूला झालेला असेल.

म्हणून कारागीर टोकाकडच्या एकेका ग्रॅमशी भांडतो. तलवार समोरून बघितली तर पातं लांबवर एकसारखं दिसतं. पाठीच्या बाजूने बघा, ते मुठीपाशी 5-6 मिलिमीटर जाड असतं आणि टोकाकडे निम्म्याहूनही पातळ होत जातं. सपाट पट्टी कापून केलेल्या शोभेच्या तलवारीत हे नसतं, आणि नेमकी म्हणूनच ती हातात ओंडक्यासारखी वाटते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. तिची सुरुवात घड्याळापासून होते. 1673 साली, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, क्रिस्तियान हायगन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाच्या घड्याळावरचा ग्रंथ पॅरिसमध्ये छापला. दोऱ्याला गोळी बांधलेला साधा लंबक आपण शाळेत केलेला असतो. हायगन्सने विचारलं: दोरा-गोळीऐवजी एखादी भरीव वस्तू टांगून झुलवली, तर ती किती लांबीच्या साध्या लंबकाच्या तालात झुलेल? उत्तर असं: टांगलेल्या बिंदूभोवतीचं जडत्व-आघूर्ण घ्या, आणि वस्तुमान गुणिले तिथून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर, या गुणाकाराने त्याला भागा. मीटरची लाकडी पट्टी एका टोकाशी टांगली तर ही लांबी पट्टीच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 67 सेंटिमीटर येते. घरी करून बघा. पट्टीशेजारी तेवढ्याच लांबीचा दोरा-गोळी टांगा, दोन्ही एकदम सोडा. तालात झुलतील.

तलवार जिथे धरली आहे तिथून एवढ्याच लांबीवर पात्यावर जो बिंदू येतो, तो तिचा आघातबिंदू. पातं लक्ष्यावर आदळलं की लक्ष्य त्याला उलट ढकलतं. त्या धक्क्याचे दोन परिणाम होतात. एक, अख्खी तलवार मागे रेटली जाते. दोन, ती गुरुत्वमध्याभोवती फिरू पाहते, आणि या फिरण्यामुळे मूठ पुढे जाऊ पाहते. मुठीपुरतं बघितलं तर रेटा एका दिशेला, फिरणं दुसऱ्या दिशेला. आघात मुठीच्या फार जवळ झाला तर रेटा जिंकतो आणि मूठ तळव्यावर आदळते. टोकाकडे झाला तर फिरणं जिंकतं आणि मूठ बोटांतून पुढे निसटू पाहते. या दोहोंच्या मधे एका जागी दोन्ही परिणाम तंतोतंत एकमेकांना खोडतात, हाताला हिसका बसतच नाही. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटच्या ‘मिडल’ला लागला की हाताला काही जाणवत नाही, त्यात या तत्त्वाचाही वाटा असतो.

कारागिराला हा बिंदू हवा तिथे कसा आणता येतो? आपली तीच 1.2 किलोची, मीटरभर लांब पट्टी घ्या. ती मागच्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर धरली आहे असं समजा. वरच्या सूत्राने आघातबिंदू मागच्या टोकापासून साधारण 74 सेंटिमीटरवर येतो. आता अगदी मागच्या टोकाला, हाताच्या पाठीमागे, 200 ग्रॅमचा गोळा बसवा. एकूण वजन सहाव्या हिश्शाने वाढलं. पण हातापासून ते फक्त 15 सेंटिमीटरवर असल्याने हाताभोवतीचं जडत्व-आघूर्ण 2 टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. गुरुत्वमध्य मात्र 7 सेंटिमीटर हाताकडे सरकतो, आणि आघातबिंदू उलट टोकाच्या दिशेला जवळपास 6 सेंटिमीटर पुढे जातो. तलवार तराजूवर जड झाली. पेलायला सोपी झाली. आणि वार लांबून बसू लागला. युरोपीय तलवारीच्या मुठीमागचा गोळा, आपल्या तलवारीची अख्खी धातूची मूठ आणि तिच्या शेवटची तबकडी, खांड्याच्या मुठीमागे निघालेला दांडा, या सगळ्यांचं एक काम हे आहे. दांडा दुसऱ्या हाताने धरायलाही येतो, पण त्याचं वजन एरवीही फुकट जात नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो सोडवत नाही. पोलादी पातं आदळलं की थरथरतं. मोकळ्या एकसारख्या पट्टीच्या पहिल्या कंपनप्रकारात दोन जागा स्थिर राहतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर. त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. वार नेमका पुढच्या निस्पंदावर बसला तर हे कंपन उठतच नाही आणि ऊर्जा थरथरण्यात वाया जात नाही. मागचा निस्पंद मुठीत पडला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. आघातबिंदू आणि पुढचा निस्पंद या वेगळ्या कारणांनी ठरणाऱ्या वेगळ्या जागा आहेत. चांगल्या पात्यात जाडीचा उतार आणि मुठीचं वजन जुळवून त्या जवळजवळ आणलेल्या असतात. तलवार सैल धरून मुठीवर हलकी थाप मारली की पात्यावर एक जागा न थरथरता उभी दिसते. तो पुढचा निस्पंद.

पात्यावरच्या लांब खाचेतून रक्त वाहून जातं, हीसुद्धा अशीच पसरलेली दंतकथा. खाच वजन कमी करते. पातं वाकू नये म्हणून लागणारा ताठपणा मुख्यतः मधल्या थरापासून दूरच्या धातूवर अवलंबून असतो, त्यामुळे खाच पाडून काढलेल्या धातूच्या मानाने ताठपणा थोडाच जातो.

आपल्या दांडपट्ट्याचं बलशास्त्र मात्र निराळंच आहे. 2024 साली त्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. त्यात हात मनगटासकट लोखंडी आवरणात जाऊन आतली आडवी दांडी धरतो, म्हणजे मनगटाचा सांधा बादच होतो. फिरण्याचा अक्ष कोपराकडे आणि खांद्याकडे जातो, अंतर वाढतं, अंतराचा वर्ग त्याहून वाढतो. अशा शस्त्राला झटक्यात थांबवून उलट फिरवणं फार खर्चिक. म्हणून कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टेकरी पट्टा थांबवतच नाही. एका फेरीतून दुसरी फेरी काढत अख्ख्या शरीरासकट फिरत राहतो आणि त्या वेगात लिंबू कापतो. चित्रपटात पट्टा आणि तलवार खणखण भिडून हवेत अडकतात, नायक-खलनायक नजरेला नजर देतात. पट्ट्याचं लांब, लवचीक पातं अशा ठिकाणी शहाण्या माणसाने कधी अडकवलं नसतं.

चाहत्यांच्या जगात याच्या उलट टोकाचं उदाहरण सापडतं. ‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार घेऊन खेळण्याला फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने 2019 मध्ये अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. तिचं पातं पॉलिकार्बोनेटच्या पोकळ नळीचं, आणि बॅटरीसह सगळा जडपणा मुठीत. साहजिकच ती मनगटाच्या हिसक्याने कुठेही फिरते. मग लढत टोचाटोचीची होऊ नये, पडद्यावरच्यासारखी दिसावी, म्हणून नियम करावा लागला की वार करण्याआधी तलवारीचं टोक पाठीमागे गेलं पाहिजे. पोलादी पात्याला जी मोठी, रुंद हालचाल त्याचं जडत्वच करायला लावतं, ती इथे पंचाला करवून घ्यावी लागते.

चित्रीकरणातल्या ॲल्युमिनियमच्या तलवारींतही अशीच फसगत होते. ॲल्युमिनियमची घनता 2.7, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पातं हलकं, मूठही पोकळ, आणि नट मग काठी फिरवावी तशी ती फिरवतो. मुठीच्या मागच्या टोकात दोनशे ग्रॅम शिसं भरायला किती खर्च येतो? त्याने गुरुत्वमध्य हाताजवळ येईल, आघातबिंदू पुढे जाईल, आणि नटाचं शरीर आपोआप खऱ्या तलवारबाजाच्या जवळ जाईल असं मला ठामपणे वाटतं.

आभासी वास्तवाच्या गेममध्ये तर हातात पोकळ नियंत्रक असतो आणि पडद्यावर दोन किलोची तलवार. तिथे काही गेमकर्त्यांनी एक छान उपाय काढला आहे: खेळाडूचा हात झर्रकन पुढे जातो, पण चित्रातली तलवार तिच्या गणिती जडत्व-आघूर्णाप्रमाणे मागे रेंगाळत येते. थोड्या सरावानंतर खेळाडू स्वतःच हात सावकाश, मोठ्या कमानीत फिरवायला लागतो. वजन हाताला मुळीच लागलेलं नसतं, ते डोळ्यांना दिसलेलं असतं.