खाडाभरपाई वेगळी, खेळाचा पगार वेगळा

1895 मध्ये इंग्लंडमधलं रग्बी दुभंगलं ते खेळाडूंना पगार द्यायचा की नाही यावरून, असं सर्रास लिहिलं जातं. फुटीच्या वेळी भांडण खाड्याचं होतं. पगार नंतर आला.

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत शनिवारीही दुपारपर्यंत काम चाले. सामना परगावी असला की कामगाराला सकाळचीच गाडी धरावी लागे आणि तेवढी मजुरी बुडे. ती क्लबने भरून द्यायची, हा ‘ब्रोकन टाइम’. खाडा नाही तर भरपाई नाही. पगार मिळतो तो खेळल्याबद्दल. सामना घराशेजारी असला तरी मिळतो.

गिरणीमालक खेळाडूला हा प्रश्नच नव्हता. ओटलीच्या कागदगिरणीवाल्या घराण्यातला हॅरी गार्नेट ब्रॅडफर्डकडून खेळे. 1877 मध्ये तो इंग्लंडकडून उतरला आणि 1889 मध्ये रग्बी फुटबॉल युनियनचा, म्हणजे तिथल्या रग्बीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, अध्यक्ष झाला. त्याने शनिवार मैदानावर काढला, तर मजुरी कापणार कोण? फुकट खेळणं अशांनाच परवडे.

1893 मध्ये यॉर्कशायरच्या जेम्स मिलर यांनी भरपाईचा ठराव युनियनपुढे मांडला. तो 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. विरोधकांच्या लेखी भरपाई म्हणजे मागच्या दाराने पगारच. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी नॉर्दर्न युनियन काढली आणि भरपाई ठरवली दिवसाला जास्तीत जास्त 6 शिलिंग.

विरोधकांची शंका अगदीच पोकळ नव्हती. ज्याची रोजची मजुरी 6 शिलिंगांहून कमी, त्याच्या हातावर पुरते 6 टेकवले की वरची रक्कम पगारच झाली. बेकार खेळाडूचा तर खाडा मोजायचा कशावर?

उघड पगाराला नॉर्दर्न युनियनने परवानगी दिली 1898 मध्ये, तीही अट घालून: खेळाडूला खरीखुरी नोकरी हवी. दारूच्या गुत्त्यातला वेटर किंवा बिलियर्ड्सचे गुण मांडणारा पोऱ्या, ही कामं त्यात धरली जात नसत. क्लब असल्या नावापुरत्या नोकऱ्या सहज देऊ शकत.

नॉर्दर्न युनियनच्या रग्बीतला तेरा खेळाडूंचा नियमही 1895 चा नव्हे. फुटीनंतर दोन्हीकडे पंधराच खेळत. तेरा झाले 1906 मध्ये, आणि नॉर्दर्न युनियनला ‘रग्बी लीग’ हे नाव लागलं 1922 मध्ये. पंधरा जणांच्या रग्बीत पगारावरची बंदी उठली ती थेट ऑगस्ट 1995 मध्ये.