दाखल्यावरच्या टक्क्यांवरून भिंग ठरत नाही

"दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर सत्तर टक्के आहे ना? मग जाडं भिंग घ्या, नाहीतर बोलणारा मोबाइल. विषय संपला." कमी दिसणाऱ्यांच्या घरी हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय, आणि तो चुकीचा आहे. टक्केवारी सवलतींसाठी असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली 40 टक्क्यांची अट त्यासाठीच. कुठलं साधन उपयोगी पडेल, हे त्यातून कळत नाही.

दृष्टिपटलाचा मधला भाग बिघडलेल्या आजींना समोरचा चेहरा ओळखू येत नाही, पण कडेचं दिसतं. अक्षर मोठं केलं की त्या बऱ्याचदा वाचू शकतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटल कडेकडून निकामी होत जाणारा आजार, झालेल्या तरुणाचं नेमकं उलट. त्याला नळीतून पाहिल्यासारखं फक्त मधलं दिसतं. त्याच्यासमोर 'महाराष्ट्र' मोठं करून धरलं तर 'हारा' तेवढं दिसेल, बाकीचं नळीबाहेर. त्याला चांगला उजेड आणि ठळक अक्षरं जास्त कामाची, आणि अंधार पडला की पांढरी काठी. दिवसा पेपर वाचणारा माणूस रात्री काठी घेतो म्हणून त्याला ढोंगी म्हणणारे शेजारीही असतात, त्यांचं काय करायचं!

म्हणून डोळ्यांचा चांगला तपासनीस आधी काम विचारतो: पोथी वाचायचीय, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघायचीय, की ऑफिसात संगणक चालवायचाय? संगणकासाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पडद्यावरचा मजकूर, मराठीही, मोठ्याने वाचून दाखवतं. हात थरथरत असेल तर हातातल्या भिंगापेक्षा स्टँडवालं बरं. आणि विकत घेण्याआधी ते घरच्या दिव्याखाली वापरून बघायला मागा.