प्रोस्टेट कर्करोगावरील कृत्रिम पेप्टाइडे

अमिनो आम्लांच्या आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात. प्रथिनेही अमिनो आम्लांचीच असतात, पण ती लांबलचक. पेप्टाइडे साधारणपणे पन्नासेक अमिनो आम्लांच्या आत आटोपतात. प्रयोगशाळेत जुळवलेली अशी साखळी प्रोस्टेटच्या कर्करोगावर औषध म्हणून वापरता येते. ‘कृत्रिम पेप्टाइडे’ म्हटले की काहीतरी नवे, अजून सिद्ध न झालेले असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. यांतील काही औषधे गेली चार दशके या रोगाच्या उपचाराचा कणा आहेत, काही चाचण्यांमध्येच थांबली, आणि काहींची खरी परीक्षा आत्ता कुठे चालू आहे. २०२२ मध्ये जगभरात प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आढळले आणि जवळपास चार लाख रुग्ण दगावले. त्यामुळे यातले नेमके काय उपयोगी पडते आणि काय नाही, हा प्रश्न लाखो घरांचा आहे.

प्रोस्टेटच्या पेशी पुरुष संप्रेरकांवर, मुख्यतः टेस्टोस्टेरॉनवर, पोसल्या जातात. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की वृषणे काढली किंवा इस्ट्रोजेन दिले, तर पसरलेला कर्करोगही मागे हटतो. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण शस्त्रक्रिया कायमची, आणि इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेने रक्तात गुठळ्या होण्याचा व हृदयविकाराचा धोका. वृषणांना हात न लावता त्यांचे काम थांबवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर मेंदूतल्या एका पेप्टाइडात सापडले.

मेंदूतील हायपोथॅलॅमस साधारण तासा-दीड तासाने जीएनआरएच नावाचे संप्रेरक थोडे थोडे सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला जागे करते, पिट्युटरी एलएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि एलएचमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होते. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गीयमँ यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसपासून हे संप्रेरक वेगळे केले. दोघांत चुरस होती. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली: अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. इतकी लहान साखळी कृत्रिमरीत्या बनवणे तोवर हाताशी आले होते, कारण ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्येच घन आधारावर एकेक अमिनो आम्ल जोडत जाण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती.

यापुढचा भाग या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण आहे. जे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन वाढवते, तेच सतत दिले तर टेस्टोस्टेरॉन बंद पडते. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर हे स्पष्ट केले. जीएनआरएच ठरावीक अंतराने सोडले तर पिट्युटरी प्रतिसाद देते. अखंड सोडले तर तिच्या पेशी आपले ग्राही, म्हणजे संप्रेरक ज्यांवर येऊन बसते ती पेशीवरची प्रथिने, आत ओढून घेतात आणि ग्रंथी गप्प बसते. म्हणजे उपचारासाठी संप्रेरकाला विरोध करण्याची गरज नव्हती, ते शरीरात टिकवून धरले की पुरे होते. अडचण एवढीच की नैसर्गिक जीएनआरएच रक्तात काही मिनिटेच टिकते.

रसायनतज्ज्ञांनी साखळीतल्या सहाव्या जागेवर लक्ष दिले. तिथे ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते आणि विकरे (एन्झाइम) साखळी तिथेच तोडतात. ग्लायसीनच्या जागी डी-प्रकारचे, म्हणजे नेहमीच्या अमिनो आम्लाच्या आरशातल्या प्रतिमेसारखे अमिनो आम्ल बसवले की विकरांची पकड सुटते आणि ग्राहीवरची पकड उलट घट्ट होते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, ब्युसेरेलिन ही सगळी याच युक्तीची अपत्ये. अमेरिकेत ल्युप्रोलाइडला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. आधी ते रोज टोचावे लागे. पुढे हळूहळू विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सूक्ष्म गोळ्यांत भरलेले औषध आले आणि महिन्याला, तीन महिन्यांना, अगदी सहा महिन्यांना एक इंजेक्शन पुरू लागले. गोसेरेलिन पोटाच्या कातडीखाली बारीक कांडीच्या रूपात ठेवतात. तिची सुई जाडच असते.

या औषधांत एक खोच आहे. पिट्युटरी गप्प होण्याआधी खवळते. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि तीन-चार आठवड्यांनी ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या अपेक्षित मर्यादेच्या खाली येते. कर्करोग मणक्यांत पसरलेला असेल तर या उसळीत हाडे जास्त दुखतात, लघवी तुंबू शकते, मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडण्याचीही भीती असते. म्हणून सुरुवातीला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या जोडीला देतात. ही काळजी वगळण्यासारखी नाही.

उसळी टाळायची तर ग्राहीला न चेतवता नुसते अडवून बसणारे पेप्टाइड हवे. अबारेलिक्सला २००३ मध्ये मान्यता मिळाली, पण तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियांमुळे ते मागे पडले. २००८ च्या अखेरीस डेगारेलिक्स आले. त्याच्या दहा अमिनो आम्लांपैकी सात निसर्गात न आढळणारी आहेत. पहिली मात्रा २४० मिलिग्रॅम, दोन इंजेक्शनांत विभागून. पुढे दर महिन्याला ८० मिलिग्रॅम. ते देणाऱ्या परिचारिकेला घाई करून चालत नाही. कुपीतल्या पावडरीत पाणी घालून कुपी हलक्या हाताने गोल फिरवायची असते, झटकायची नसते, नाहीतर फेस होतो. द्रावण स्वच्छ व्हायला पंधरा मिनिटेही लागू शकतात. कातडीखाली गेल्यावर त्याची जेलसारखी गाठ बनते आणि तीतून औषध झिरपत राहते. टोचल्या जागी दुखणे, लाली, सूज हे नेहमीचे. टेस्टोस्टेरॉन मात्र बहुतेकांत तीन दिवसांत खाली येते. याच कामाचे रेलुगोलिक्स हे औषध २०२० मध्ये गोळीच्या रूपात आले, पण ते पेप्टाइड नाही. पेप्टाइड गिळले तर पचनसंस्था ते अन्नासारखे पचवून टाकते, म्हणून सुई अजून सुटलेली नाही.

टेस्टोस्टेरॉन बंद पडण्याची किंमत रुग्ण रोज मोजतो: अंगातून गरम वाफा, कामेच्छा जाणे, थकवा, स्नायू झडणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेह व हृदयविकाराचा वाढता धोका. शिवाय पसरलेला रोग कालांतराने कमी टेस्टोस्टेरॉनमध्येही वाढायला शिकतो. तिथून पुढे संशोधनाने वेगळ्या वाटा धरल्या.

कर्करोगपेशी थेट मारणारी पेप्टाइडे ही त्यांतली एक वाट. पेशीपटल फोडणारी पेप्टाइडे जीएनआरएचला जोडून पाहिली गेली, कारण प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरही त्याचे ग्राही असतात. थाप्सिया या वनस्पतीतल्या विषाला पेप्टाइडचे झाकण लावून ते झाकण कर्करोगाच्या गाठीतच उघडेल असे मिप्सागार्गिन बनवले गेले. जपानमध्ये रुग्णागणिक निवडलेल्या पेप्टाइडांची लस मोठ्या चाचणीत तपासली, पण तिने आयुष्य वाढले नाही. यांतले काहीही आज नेहमीच्या उपचारात नाही. उंदरातली गाठ आकसणे आणि माणसाचे आयुष्य वाढणे यांत फार मोठे अंतर आहे. म्हणूनच ‘संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडच्या कुप्या कर्करोगावर टोचून घेणे धोक्याचे आहे: आत काय आहे याची खात्री नाही, आणि त्या नादात चालता उपचार सुटण्याचे नुकसान तर आणखी मोठे.

खरे यश मिळाले ते पेप्टाइडाने मारेकरी न होता वाहक होण्यात. प्रोस्टेट कर्करोगाच्या बहुतेक गाठींवर पीएसएमए हे प्रथिन भरपूर असते. त्याला नेमके चिकटणारा पीएसएमए-६१७ हा रेणू ग्लुटामिक आम्ल आणि लायसीन यांना युरियाच्या दुव्याने जोडून केला आहे. काटेकोरपणे पाहता तो पेप्टाइडसदृश म्हणायचा. त्यावर किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बसवले की किरण गाठीपाशी पोचतात. ‘व्हिजन’ या ८३१ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला याची जोड दिल्यावर रुग्णांच्या जगण्याच्या काळाचा मध्यांक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये काही रुग्णांना केमोथेरपीआधीही ते देण्याची मुभा मिळाली.

ज्या गाठींवर पीएसएमए कमी असते, त्यांच्यासाठी बेडकाच्या कातडीत सापडलेल्या बॉम्बेसिनवरून बेतलेली पेप्टाइडे तपासली जात आहेत. ती जीआरपीआर या ग्राहीवर बसतात. आधीची पेप्टाइडे ग्राहीला चेतवत, त्यामुळे पोटात कळा येत, मळमळे. आता नुसती अडवणारी वापरतात. दुसरीकडे ल्युटेशियमच्या जागी अल्फा कण सोडणारे ॲक्टिनियम-२२५ जोडून पाहिले जाते. त्याचा मारा जबर, पण पीएसएमएला चिकटणारे हे रेणू लाळग्रंथीही शोषून घेतात. तोंड इतके कोरडे पडते की घास गिळता येत नाही, आणि काही रुग्णांनी गाठी आकसत असतानाही उपचार सोडला. गाठीत टिकेल पण लाळग्रंथीत शिरणार नाही असा वाहक बनवण्याचे काम सध्या चालू आहे.