लुगडे : महाराष्ट्रातील नेसण आणि तिच्यातील बदल

लुगडे हे महाराष्ट्र व गोव्यातील स्त्रियांचे न शिवता नेसायचे पारंपरिक वस्त्र. लांबी साधारण आठ ते नऊ वार, म्हणजे सव्वासात ते सव्वाआठ मीटर. कमरेला गाठ मारून पुढे निऱ्या घालायच्या, त्यांचा मधला भाग दोन पायांतून मागे नेऊन खोचायचा आणि उरलेला पदर खांद्यावर किंवा डोक्यावर घ्यायचा, ही नेसण्याची मूळ रीत. मागे खोचलेल्या भागाला कासोटा किंवा काष्टा म्हणतात. आत परकर लागत नाही. वर खणाची, समोर गाठ मारायची चोळी असे.

‘नऊवारी’ म्हटले की आज डोळ्यांपुढे एकच ठरावीक नेसण येते. प्रत्यक्षात ती प्रदेशागणिक, जातीगणिक आणि कामागणिक वेगळी होती. गेल्या दीडशे वर्षांत ती बदलली त्यामागे हौसेचा वाटा थोडा. कामाचे स्वरूप, कापडाची उपलब्धता आणि जातीची बंधने यांचा वाटा मोठा आहे.

प्रादेशिक भेद

कोकणात भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभे राहायचे असल्याने लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून नेसत. कोळी स्त्रियांची नेसणही अशीच घट्ट आणि आखूड. पण तिथे लुगड्याचा सगळा घेर कमरेभोवतीच बसतो आणि छातीवरून वेगळे वस्त्र घेतात. अकोले, जुन्नर, इगतपुरी या डोंगरी पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर स्त्रिया अंगावर फडकी घेत. देशावरच्या कुणबी-मराठा घरांत लुगडे पोटरीपर्यंत आणि पदर डोक्यावर, तर पुण्या-साताऱ्याकडच्या ब्राह्मण घरांत ते घोट्यापर्यंत उतरत असे. ज्या बाईला शेतात राबावे लागत नाही तिचेच लुगडे खाली येई, हे उघड आहे. लुगड्याच्या उंचीवरून घरची परिस्थिती आणि पुष्कळदा जातही कळे.

गोव्यात कुणबी व गावडा स्त्रिया तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचे सुती कापड खांद्यावर गाठ मारून नेसत. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती स्त्रियांनी धर्मांतरानंतरही चौकड्यांचे लुगडे आणि कासोटा सोडला नाही. गोव्यात मात्र इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये हुकूम काढून स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली. एकाच पोर्तुगीज सत्तेने एकेकाळी राखलेल्या या दोन मुलखांतले वेश पुढे इतके वेगळे दिसतात, याचा विचार करताना हा हुकूम विसरता येत नाही.

कापड कुठून येई

मराठी स्त्रीचे नित्याचे वस्त्र बऱ्याच अंशी मराठी मुलखाच्या कडेला किंवा बाहेर विणले जाई. इरकल कर्नाटकातल्या इलकलचे, चोळीचा खण गुळेदगुड्डचा, नारायणपेठ आजच्या तेलंगणातले. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विणकर वसवून नावारूपाला आणलेली माहेश्वरी नर्मदाकाठची. खुद्द महाराष्ट्रातली मोठी नावे म्हणजे पैठण-येवल्याची पैठणी आणि विदर्भातल्या कोष्टी विणकरांची करवतकाठी. करवतकाठीचे अंग कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे असते आणि काठावर करवतीच्या दातांची नक्षी. पैठणी मुळात सरदार-दरबाऱ्यांच्या घरची. सामान्य घरात ती लग्नातही असेलच असे नव्हते. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा घेण्याची रीत मात्र दूरवर पसरलेली होती.

इरकलच्या विणीकडे थोडे लक्ष द्यायला हवे. त्याचे अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, एकेका फासाने एकमेकांत गुंतवून जोडतात. तांबड्या पदरावर पांढऱ्या शिखरांसारखी नक्षी उठते तिला टोपे-तेनी म्हणतात. या जोडणीमुळे ताणा एकेका लुगड्यापुरताच लावावा लागतो, लांबच लांब ताणा लावून एकामागून एक लुगडी काढता येत नाहीत. यंत्रमागाला ही वीण सहज साधली नाही त्याचे कारण इथे आहे.

इतके लांब कापड परवडे, कारण ते टाकून दिले जात नसे. लुगडे बसण्या-उठण्याने मधेच विरते. मग विरलेला भाग कापून उरलेली दोन टोके जोडायची. या जोडाला दंड म्हणतात. दंडाचे लुगडे घरात व शेतात चाले. तेही संपले की त्याची गोधडी होई, बाळाची दुपटी होत.

बदलाची सुरुवात

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणी उभारायला घेतली, 1877 मध्ये नागपूरला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. विलायती आणि गिरणीचे कापड स्वस्त होते, रंगांची विविधता होती. गावचा कोष्टी-साळी जे विणून देई त्याचे काठ आणि चौकडे त्या त्या भागाचे असत. गिरणीच्या लुगड्याला असा मुलूख नव्हता. प्रादेशिक वेगळेपणाला पहिला धक्का इथे बसला.

नेसण बदलण्याचे धागे मुंबईतून निघतात. रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी 1860च्या दशकात पतीबरोबर मुंबईत आल्या, पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी पाहिली आणि परकर-पोलक्यावर साडी नेसण्याची रीत बंगालात नेली. आज भारतभर दिसणाऱ्या पाचवारीच्या नेसणीची घडण त्यातून झाली. महाराष्ट्रात तिला गोल पातळ नेसणे म्हणत. कासोटा नसलेल्या या नेसणीला जुन्या ब्राह्मण घरांत कडाडून विरोध झाला, कारण पूजा-सोवळ्याला सकच्छ, म्हणजे कासोट्याचे, वस्त्रच चाले. कासोटा धरावा की सोडावा, याची चर्चा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घरोघर चालली. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनी आधी गोल साडी घेतली आणि सुना त्यांच्या मागून गेल्या. गाठीच्या चोळीची जागा पोलके आणि झंपर यांनी घेतली. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या साड्यांचे आणि दागिन्यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत, ही गोष्टही याच काळातली.

केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला तांबडे, जाडेभरडे आलवण नेसावे लागे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. अशा संस्थांतून शिकून नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी आलवण मागे टाकले. पारंपरिक वेशाबद्दल हळहळ व्यक्त करताना हेही वस्त्र त्याच परंपरेतले होते, हे ध्यानात ठेवायला हवे.

महाड, 1927

या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग महाडचा आहे. डिसेंबर 1927 च्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या दलित स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेल्या कथलाच्या गोठ-पाटल्या यांवरून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, तेव्हा या खुणा टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले आणि लुगडी खाली आली. लुगड्याची उंची ही केवळ प्रदेशाची किंवा सोयीची बाब असती, तर ती वीतभर खाली आणायला परिषद लागली नसती. आखूड लुगड्याला ‘खरी ग्रामीण नेसण’ म्हणून मिरवणाऱ्या वर्णनांत हा प्रसंग क्वचितच येतो. प्रादेशिक वेशावरच्या कुठल्याही लेखनात तो यायला हवा.

पुरुषांचा वेश

पुरुषांच्या वेशात बदल लवकर झाला. बाराबंदी आणि अंगरखा जाऊन कोट आला, धोतर काही काळ त्याच कोटाखाली टिकले. पगडी, पागोटे, मुंडासे, पटका, फेटा या शिरोभूषणांवरून जात आणि गाव दोन्ही ओळखू येत. जोतीराव फुले 1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला शेतकऱ्याच्या वेशात गेले, ते रयतेची स्थिती पाहुण्याला दिसावी म्हणून. 1920 नंतर गांधी टोपीने पगडीला मागे सारले आणि गावोगावचे डोके एकसारखे दिसू लागले. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर ती सत्कार-समारंभापुरती उरली होती.

पाचवारीपासून आजपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. नऊ वार मिळवणे अवघड झाले तशी पाचवारी शहरांतून खेड्यांकडे सरकली. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. धुवायला हलके, वाळायला झटपट, इस्त्रीची गरज नाही. पाणी शेंदून कपडे धुणाऱ्या बाईला हा फरक फार मोठा होता. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि यंत्रमागाचे कापड सगळीकडे पोहोचले. मुलींचे परकर-पोलके जाऊन फ्रॉक, मग पंजाबी ड्रेस आला. आज खेड्यातल्या बाईच्या अंगावर घरात गाऊन असतो आणि शेतात साडीवर पुरुषी शर्ट. उन्हापासून आणि उसाच्या पाचटापासून हात वाचतात. कामानुसार वेश ठरण्याची जुनी रीत या शर्टात दिसते, पण प्रादेशिक वेशाच्या नोंदींत तो सहसा घेत नाहीत.

नऊवारी आता लग्न, मंगळागौर आणि पाडव्याच्या शोभायात्रांत नेसतात, आणि बहुतेक वेळा ती शिवलेली असते, पायजम्यासारखी चढवायची. तिने तरुण मुलींना हे वस्त्र पुन्हा जवळ आणले, हे तिचे काम मोठे आहे. पण शिंप्याकडे साचे मोजकेच असतात : ब्राह्मणी, ‘पेशवाई’ आणि लावणीची. कोळी, कुणबी, आगरी नेसणी त्यांत अभावानेच आढळतात, त्यामुळे त्या नेसवता येणाऱ्या बायका हयात असताना प्रत्येक तालुक्यातली नेसण छायाचित्रांसह नोंदवून ठेवण्याची गरज आहे. गोव्यात वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीसाठी असे काम केले. जवळजवळ नाहीसे झालेले ते चौकड्यांचे कापड तिथे पुन्हा हातमागावर विणले जाऊ लागले.