इंजिन बांधलं की बदललं? एमजीबीच्या निमित्ताने

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा "इंजिन नवं आहे" असं सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: बांधलंय की बदललंय? आपल्या गॅरेजांत हे दोन शब्द अगदी वेगळे वापरले जातात. बांधलं म्हणजे तेच इंजिन खोललं, झिजलेलं काढलं, पुन्हा जोडलं. बदललं म्हणजे जुनं उतरवलं आणि दुसरं चढवलं. विकताना मात्र दोन्हींना "नवं" म्हणतात, आणि घेणाऱ्याचा घोटाळा तिथेच होतो. खर्च, कागदपत्रं, गाडी चालवतानाचा हाताला येणारा अनुभव, सगळंच या दोन वाटांवर निराळं आहे.

उदाहरणाला एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतो, कारण ती माझ्या दारात उभी आहे आणि ब्रिटनमध्ये पहिली जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांपैकी कित्येक जण हीच घेतात. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनलेली, उघडी रोडस्टर आणि टपाची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक. पुढे १७९८ सीसीचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, दोन एसयू कार्बोरेटर, ९५ हॉर्सपॉवर. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. ज्याने लहानपणी अ‍ॅम्बेसेडरच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातलंय त्याला एमजीबीचं इंजिन बघून नातेवाईक भेटल्यासारखं होतं. मला झालं.

आता बांधणं. इंजिन बाहेर काढून पूर्ण खोलतात. सिलिंडर झिजून अंडाकृती झाले असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, ग्राइंड होतो, बेअरिंगं नवी, टायमिंग चेन नवी, ऑइल पंप नवा. हेडचं काम मात्र नीट समजून घ्यायला हवं. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. त्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बिडाची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड) यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. ते पेट्रोल ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० च्या सुमारास बंद झालं. गादी गेली, आणि जोरात पळवलेल्या गाडीत व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतायला लागला, त्याचं क्लिअरन्स संपायला लागलं. म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक पोलादाच्या सीट ठोकून घ्यायच्या. मग आजचं पेट्रोल बिनधास्त चालतं. या सगळ्यात ब्लॉक तोच राहतो, त्यावरचा नंबरही तोच. नंबरची सुरुवात १८जी किंवा १८जीए असेल तर क्रँक तीन बेअरिंगांवरचा, १८जीबीपासून पाच. बांधायला देण्याआधी हे बघून ठेवा, सुटे भाग त्यावरून ठरतात.

बदलण्यात लोक सहसा माझदा एमएक्स-५ चं १८०० सीसीचं इंजिन किंवा फोर्डचं झेटेक बघतात. हलकं, इंजेक्शनचं, थंडीत एका सेल्फला सुरू होणारं. हे गुण खरे आहेत, कमी लेखण्याचं कारण नाही. पण इंजिन एकटं येत नाही, सगळा संसार घेऊन येतं. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक येतो, त्याचं वायरिंग येतं. कार्बोरेटरला पुरणारा पेट्रोल पंप इंजेक्शनला पुरत नाही, म्हणून जास्त दाबाचा पंप आणि टाकीकडे परत जाणारी नळी येते. गिअरबॉक्स नवा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी नवी. केबलवरचा स्पीडोमीटर गप्प होतो.

जागेचा प्रश्न बॉनेट उघडून प्रत्यक्ष बघावा असा आहे. बी-सिरीजमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, डावीकडे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्ट उजवीकडून मोकळा खाली उतरतो, तिथे हात घालून काम करता येतं. आजची बहुतेक इंजिनं एका बाजूने हवा घेतात आणि दुसऱ्या बाजूने धूर सोडतात. म्हणजे दोन्हींपैकी एक काहीतरी त्या शाफ्टच्या अंगावर येणारच. खाली ऑइल संप, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, आडव्या क्रॉसमेंबरला अडतो, तो कापून पुन्हा वेल्डिंग करावा लागतो. आणि हे सगळं जमलं, ताकद दीडपट झाली, की पुढचे साधे डिस्क, मागचे ड्रम ब्रेक आणि स्प्रिंगचे पाटे तिथेच राहतात. त्यांनाही हात लावावाच लागतो.

माझा आक्षेप इंजिन बदलण्याला नाही, निदान न करता बदलण्याला आहे. माझी १९७० ची जीटी उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये उकळायची. एका गॅरेजने गाडी न तपासताच सांगितलं, हे इंजिन संपलंय, माझदाचं टाका. खरा दोष रेडिएटरमध्ये निघाला. खालचा अर्धा भाग गंजाच्या गाळाने बुजला होता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, बघायला सांगतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा, गेज लावून सेल्फ मारा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनचा जीव शाबूत आहे. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा गेल्या; जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन आणि तीन नंबर एकदम पडले असतील तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट फुटल्याचा संशय पहिला. यातलं काहीही इंजिन बदलायचं कारण होत नाही.

"हायवेवर फार ओरडते" ही दुसरी नेहमीची तक्रार. तीही इंजिनची नाही, गिअरची आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ११० किलोमीटरला हे इंजिन जवळपास ३,८०० फेऱ्या घेतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा गिअरबॉक्सला जोडलेला जादा गिअर, लागला की तेच ३,१०० च्या आसपास येतं आणि शेजारच्या माणसाशी बोलता येतं. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीत तो बसवून घेणं किंवा पाच गिअरचा बॉक्स टाकणं, हा इंजिनला हात न लावता मिळणारा आराम आहे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या, झिजणाऱ्या पॉइंट्सच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आतच मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं की सुरू होण्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

मग बदलू कधी? एमजीबीत एक बदल असा आहे ज्याला मी मनापासून मान देतो: रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८. केन कॉस्टेलो यांनी ते आधी स्वतःच्या हिमतीवर या गाडीत बसवून दाखवलं, मग १९७३ मध्ये कंपनीने स्वतः जीटी व्ही-८ काढली. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही बिडाच्या चार सिलिंडरच्या तुलनेत नाकावर फारसं ओझं येत नाही. १९७६ पर्यंत कंपनीने अशा फक्त २,५९१ गाड्या बनवल्या. रबरी बंपर आल्यावर तर साध्या एमजीबीचा इंजिनकप्पाही व्ही-८ मावेल असाच बनू लागला. अशा गाडीत ते इंजिन घालताना तुम्ही पत्र्याशी भांडत नाही.

अमेरिकेसाठीच्या १९७५ नंतरच्या गाड्या हाही वेगळा विषय. प्रदूषणाच्या नियमांपायी त्यांना एकच कार्बोरेटर उरला आणि ताकद साठीच्या घरात आली. अशा गाडीचं मूळ इंजिन आधीच कुणी काढून टाकलेलं असेल, तर आधुनिक इंजिन घालणाऱ्याला मी अडवणार नाही. एरवी पडून गंजणारी गाडी निदान रस्त्यावर येते.

कागदांचं मात्र आधी बघा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झाला असेल तर ती जाते. त्याच इंजिनाची वेगळ्या सीसीची आवृत्ती किंवा कंपनीने त्या काळी त्या गाडीत दिलेलं दुसरं इंजिन चालतं. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, तो मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. बांधलेलं इंजिन इथे अडत नाही. बदललेलं अडू शकतं.

आणि बदललंच, तर काढलेलं मूळ इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, प्लग लावून भोकं बंद करा, घोंगडीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवा. गाडी विकाल तेव्हा ते तिच्यासोबत द्या.