माजूम ते गमी : खाण्यातल्या गांजाची पार्श्वभूमी

पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. आंध्र-ओडिशाच्या डोंगरी भागातून पुण्या-मुंबईकडे निघालेला गांजा या रस्त्यावर पकडला गेल्याच्या बातम्या सोलापूरकर वर्षानुवर्षं वाचतात. कधी ट्रकच्या चोरकप्प्यातली पाकिटं, कधी उसाच्या आड लावलेली झाडं. या बातम्यांतला गांजा म्हणजे चिलमीत भरायची, ओढायची वस्तू. पण हल्ली कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचे पालक वेगळंच विचारतात: चॉकलेटात गांजा असतो म्हणे, खरं का? आणि तो खाल्ला तर ओढण्यापेक्षा बरा की वाईट?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. असतो. दुसऱ्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण भांग-गांजा पोटातून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यातले धोकेही त्या काळी माहीत होते.

शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ‘व्यवायी’ द्रव्याचं लक्षण दिलंय: जे आधी सगळ्या अंगात पसरतं आणि मग पचतं. उदाहरणं दोनच, भांग आणि अफू. जुलाबावर दिल्या जाणाऱ्या जातीफलादि चूर्णातही भांग आहे. म्हणजे वैद्यांच्या लेखी हे औषध होतं, आणि ते मोजून द्यायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

पश्चिम किनाऱ्यावरची सविस्तर नोंद गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भांगेची पानं कुटून त्यात कोवळी सुपारी, जायफळ, जायपत्री घालतात, ऐपतीप्रमाणे कापूर आणि कस्तुरीही घालतात, असं तो लिहितो. साखर घालून केलेल्या पाकाचाही उल्लेख त्याने केलाय, आणि तो पाक म्हणजे आपला माजूम. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहचा किस्साही त्याने टिपलाय. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की थोडी भांग खाल्ली म्हणजे झालं, असं सुलतान पोर्तुगीज सरदाराला म्हणाला होता.

माजूम कसा व्हायचा हे जवळून बघायचं असेल तर १८३९ सालच्या कलकत्त्यात जायला हवं. तिथल्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी भांगेच्या औषधी उपयोगावर निबंध लिहिला. त्यासाठी ते भांग-गांजाच्या एका प्रसिद्ध अड्ड्याच्या मालकाकडून माजूमची कृती शिकले. पानं तूप-पाण्यात शिजवायची, पाणी आटून तूप तडतडायला लागलं की उतरवून फडक्यातून पिळून घ्यायचं. हिरवं झालेलं ते तूप साखरेच्या पाकात, दुधात मिसळून पसरट थाळीत थापायचं आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या. चव गोड, वास छान. नवख्याला जेवढं पुरतं त्याच्या तिप्पट सरावलेल्याला लागतं, हे प्रमाणही त्यांनी लिहून ठेवलंय. शिवाय, गिऱ्हाइकाने खास सांगितलं तर कधीकधी धोत्र्याचं बी घालतो, ही मालकाची कबुलीही त्यात आहे. जुन्या काळी सगळं शुद्ध आणि सात्त्विक होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग जरूर वाचावा. धोत्र्याने माणूस मरतो.

पुढे ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. देशभरात सुमारे १,२०० जणांच्या साक्षी नोंदवून आयोगाने १८९४ मध्ये अहवाल दिला. बेताचं सेवन जवळजवळ निरुपद्रवी, अतिसेवन घातक. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवं, असा त्याचा निष्कर्ष. आज नशेची बाजू घेणारे या अहवालातलं पहिलं अर्धं वाक्य हमखास सांगतात. मला त्यातला ‘बेताचं’ हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. तो बेत पाळता यायचा, कारण भांग ही पानांची, तुलनेने सौम्य वस्तू होती आणि पिणाऱ्याला आपण भांग पितोय हे माहीत असायचं. घोटणारा ओळखीचा, दिवस महाशिवरात्रीचा नाहीतर रंगपंचमीचा, आणि शेजारी कुणीतरी ‘आता पुरे’ म्हणणारं. तरीही माणसं आडवी व्हायचीच.

आता शरीरात काय होतं ते बघू, कारण सगळी गोम इथे आहे.

गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेकूलम आणि येखिएल गाओनी यांनी ते वेगळं काढून त्याची रचना मांडली. झाडात ते बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं आणि तापवल्यावर त्याचं टीएचसी होतं. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून तर जुन्या कृतीत तूप आहे आणि थंडाईत दूध.

धूर ओढला की टीएचसी फुप्फुसातून थेट रक्तात जातं. काही मिनिटांत अंमल चढतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. खाल्लं की पोट, आतडं आणि मग यकृत अशी वाट. यकृतात त्याच्यापासून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचं दुसरं द्रव्य तयार होतं, तेही नशा आणतं आणि मेंदूत सहज शिरतं. या सगळ्याला वेळ लागतो. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास, कळस गाठायला दोन ते चार तास, आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. किती भाग रक्तात उतरेल हेही ठरलेलं नाही. पोट भरलेलं की रिकामं, सोबत तूप-लोणी किती, यकृत कसं, यावर एकाच माणसात दोन दिवसांत फरक पडतो.

फसगत होते ती या मधल्या तासा-दीड तासात. माणूस एक तुकडा खातो, अर्धा तास थांबतो, काहीच होत नाही. ‘माल हलका दिसतोय’ म्हणून दुसरा खातो. मग दोन्ही तुकडे मागेपुढे चढतात. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तोल जातो, ओकाऱ्या होतात, वेळेचं भान सुटतं, आपण आता मरणार अशी घाबरगुंडी उडते. कुणाला भास होतात, कुणी संशयाने पछाडतो. ओढणाऱ्याला जास्त झालं तर तो थांबू शकतो, गिळलेलं परत घेता येत नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना गांजाची खुली विक्री सुरू झाली. मार्चमध्ये डेन्व्हरला आलेल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने गांजाची कुकी घेतली, खरं तर मित्राकडून, कारण त्याचं स्वतःचं वय २१ नव्हतं. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवलं नाही म्हणून उरलेली कुकी संपवली. त्या एका कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, आणि एका वेळचं प्रमाण धरलं होतं १० मिलिग्रॅम. तो असंबद्ध बोलू लागला, आक्रमक झाला आणि अडीच तासांनी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी घेऊन त्याचा जीव गेला. त्यानंतर कोलोरॅडोने प्रत्येक १० मिलिग्रॅमचा तुकडा वेगळा किंवा खुणेने दाखवलेला असावा असा नियम केला. पुढे पदार्थावरच इशाऱ्याची खूण बंधनकारक झाली, आणि २०१७ पासून प्राण्यांच्या, माणसांच्या, फळांच्या आकारातल्या गमींवर, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांवर, बंदी आली. कॅनडाने २०१९ मध्ये खाद्य प्रकारांना परवानगी दिली तेव्हा एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम ही मर्यादा पहिल्या दिवसापासून घातली. शेजारच्या अनुभवातून शिकणं याला म्हणतात.

कोलोरॅडोच्या एका मोठ्या रुग्णालयातला २०१४ ते २०१६ चा अभ्यास बोलका आहे. टीएचसीच्या हिशेबाने एकूण विक्रीत खाद्य पदार्थांचा वाटा होता ०.३२ टक्के. गांजामुळे तातडीच्या विभागात आलेल्यांत मात्र १०.७ टक्के लोक खाद्य पदार्थवाले होते. आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याचे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेले फोन २०१७ मध्ये २०७ होते, २०२१ मध्ये ३,०५४ झाले. मुलाला ती गोळी-चॉकलेटच दिसते. त्यात त्याचा काय दोष?

आपल्याकडे कायद्याने वेगळीच वाट घेतली. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगही परवान्याशिवाय चालत नाही. ‘भांग काय, ती तर कायद्यात बसते’ असं सोलापुरात कुणी सांगितलं तर ते खरं धरू नका.

खाद्य पदार्थांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, जो तरुण मुलांना अजिबात माहीत नसतो. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात निकाल दिला की अंमली पदार्थ दुसऱ्या कशात मिसळला असेल तर मिश्रणाचं एकूण वजन धरायचं. चरसची ‘अल्प मात्रा’ १०० ग्रॅमपर्यंत, गांजाची १ किलोपर्यंत. चरस घातलेल्या अर्धा किलो ब्राऊनीत मैदा, साखर, लोणी कितीही असो, शिक्षेच्या हिशेबात वजन अर्धा किलोच धरलं जाण्याची शक्यता. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद, त्याच्या वर पण ‘व्यावसायिक मात्रे’च्या खाली असेल तर दहा वर्षांपर्यंत. जुलै २०२१ मध्ये मुंबईत मालाडच्या एका बेकरीत अशा ब्राऊनी पकडल्या गेल्या, तेव्हा हा प्रकार आपल्याकडे पोहोचल्याचं उघड झालं.

दुसरी वाट आयुर्वेदाच्या परवान्याची. विजया, म्हणजे भांग, ही औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. ती घातलेलं औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. चिठ्ठी घेऊन मिळणारं असं औषध एक गोष्ट. पण पानटपरीवर ‘मुनक्का’, ‘वटी’ म्हणून सुटी मिळणारी काळपट गोळी किंवा चकचकीत कागदातलं चॉकलेट ही अगदी दुसरी. हैदराबादच्या परिसरात पोलिसांनी अशी चॉकलेटं अनेकदा पकडली आहेत, आणि हैदराबाद सोलापूरपासून काही तासांच्या अंतरावर आहे. या वस्तूत किती टीएचसी आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घरी भाजलेल्या ब्राऊनीचं तसंच. शेंगाचटणीत तिखट नीट कुटलं गेलं नाही की एक घास फिका आणि पुढच्याला डोळ्यांत पाणी, तसा एका कोपऱ्यात अंमल नाही आणि दुसऱ्यात दुप्पट.

भांगेच्या बियांचं मात्र या गोंधळात उगाच नाव खराब होतं. त्यांत नशा नसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली, तीही टीएचसीची कडक मर्यादा घालून.

लोकप्रियता का वाढते, हे कळायला फार डोकं लावावं लागत नाही. धूर नाही, कपड्यांना वास नाही, होस्टेलच्या वॉर्डनला पत्ता लागत नाही. फुप्फुसाला त्रास नाही हे तर खरंच आहे. झोप लागते, ताण जातो, ‘नैसर्गिक’ आहे, असं मोबाइलवर कुणीतरी सांगत असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातल्या २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं दिसलं. त्यात भांगवाले सर्वाधिक. म्हणजे पोटातून घेण्याची सवय समाजात आधीपासून आहे, वेष्टन तेवढं बदललंय, आणि आत पानांऐवजी अर्क आला तर ताकदही.

प्रौढ माणूस केवळ टीएचसीने दगावणं फार दुर्मीळ. पण गाडी चालवणं, उंचावर जाणं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या, हे जिवावर बेततं. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांना, हृदयविकार असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असलेल्या तरुणांना धोका जास्त. लहान मूल तर झोपाळून बेशुद्धीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो.

असं काही झालं तर घरच्या घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये. माणूस गुंगीत असेल तर ते श्वासनलिकेत जातं. त्याला एकटं सोडू नये, कुशीवर झोपवावं. मूल असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस आवरत नसेल तर १०८ ला फोन करून सरळ सिव्हिल गाठावं. याला उतारा नाही, पण श्वास, नाडी, साखर सांभाळत रुग्णाला उतार पडेपर्यंत सुखरूप ठेवता येतं. उरलेला तुकडा आणि वेष्टन सोबत न्यावं, आणि काय खाल्लं, किती, किती वाजता, हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावं. गांजा आहे हे वेळीच कळलं नाही तर बेशुद्ध मुलाची मेंदुज्वर समजून पाठीतलं पाणी काढण्यापर्यंत तपासणी होते. सवय सुटत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आणि स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यापुरतं, खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम त्याच एनडीपीएस कायद्यात आहे.